नगरसेवक : सभागृहातील मत आणि प्रभागातील काम

पद आणि त्याचा आधार

महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेवर प्रभागातील मतदारांनी थेट निवडून दिलेला सदस्य म्हणजे नगरसेवक. या पदाला घटनात्मक आधार मिळाला तो ७४व्या घटनादुरुस्तीने. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने नागरी संस्थांची मुदत पाच वर्षे ठरवली, निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाची तरतूद केली आणि बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन, पाणीपुरवठा, घनकचरा, रस्ते असे १८ विषय नमूद केले. प्रत्यक्ष अधिकार मात्र राज्याच्या कायद्यांतून येतात. मुंबईसाठी १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम आहे, तर उर्वरित महानगरपालिकांसाठी १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. राज्यात आज २९ महानगरपालिका आहेत. नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या स्वतंत्र अधिनियमाखाली येतात. या लेखात महानगरपालिकेतील नगरसेवकाच्या पदाचा आणि कारकिर्दीचा विचार आहे. हे पद समजून घेताना एक विसंगती ध्यानात ठेवावी लागते : कायद्याने नगरसेवकाला दिलेला अधिकार सामूहिक आहे, तर मतदारांची त्याच्याकडून असलेली अपेक्षा वैयक्तिक असते.

घडण

ही विसंगती पदाच्या जन्मापासूनची आहे. मुंबईचा कारभार १८६५ नंतर आर्थर क्रॉफर्ड या आयुक्ताच्या हाती एकवटला होता. कामे धडाक्याने झाली, पण खर्चावर लगाम राहिला नाही आणि करदाते नाराज झाले. त्या असंतोषातून १८७२ चा कायदा आला. करदात्यांना सदस्य निवडण्याचा अधिकार मिळाला आणि खर्चावर नजर ठेवण्यासाठी ‘टाउन कौन्सिल’ स्थापन झाले. फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा असलेल्या १८८८ च्या अधिनियमात त्याचीच स्थायी समिती झाली. अंमलबजावणी आयुक्ताकडे आणि देखरेख सदस्यांकडे ही विभागणी तेव्हा पक्की झाली. प्रौढ मताधिकारावर मुंबईची निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. त्याआधीही पालिकेचे व्यासपीठ धारदारपणे वापरले गेले होते. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्याच्या प्रस्तावाला विरोध केला. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची भूमिका होती.

पात्रता आणि अपात्रता

उमेदवाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते आणि त्याचे नाव त्या शहराच्या मतदारयादीत असावे लागते. शिक्षणाची अट नाही. अपात्रतेची यादी मात्र लांब आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे एकूण अपत्ये दोनपेक्षा अधिक होत असतील, तर उमेदवारी बाद ठरते. महानगरपालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असणारी व्यक्ती सदस्य होऊ शकत नाही. स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबून असलेल्या व्यक्तीने अनधिकृत बांधकाम केले असल्यास निवडून आल्यानंतरही पद जाऊ शकते. राखीव जागेवर निवडून आलेल्या सदस्याला जातवैधता प्रमाणपत्र ठरावीक मुदतीत सादर करावे लागते, अन्यथा निवड रद्द होते. अर्जासोबतच्या शपथपत्रात मालमत्ता, देणी आणि गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते. अर्जाच्या आधी पाणीपट्टी, मिळकतकर आणि इतर देयके भरून ‘थकबाकी नसल्याचा दाखला’ मिळवण्यासाठी इच्छुकांची जी धावपळ होते, ती याच छाननीच्या धास्तीने.

प्रभाग आणि सोडत

मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो आणि अशा २२७ जागा आहेत. इतर शहरांत पद्धत वारंवार बदलली. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एक सदस्याचा, २०१२ मध्ये दोन सदस्यांचा आणि २०१७ मध्ये चार सदस्यांचा. पुण्यात २०१७ साली ४१ प्रभागांतून १६२ नगरसेवक निवडून आले. बहुसदस्यीय प्रभागात मतदाराला प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यावे लागते. अपक्षाला एवढ्या मोठ्या भागात पोचणे जड जाते, पॅनेल उभे करणाऱ्या पक्षाला ते सोपे पडते. निवडून आल्यावरही एकाच रस्त्याचे श्रेय चौघांत वाटले जाते आणि एकाच कचराकुंडीची जबाबदारी चौघांत हरवते. जागांचे आरक्षण लोकसंख्येच्या प्रमाणावर आणि सोडतीने ठरते. अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात, इतर मागासवर्गासाठी २७ टक्क्यांपर्यंत आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर महिलांसाठी निम्म्या जागा राखीव असतात. सोडतीत प्रभाग राखीव निघाला की पाच वर्षांची बांधणी एका चिठ्ठीने निसटते. मग शेजारचा प्रभाग शोधला जातो किंवा घरातील व्यक्तीला उभे केले जाते. महिला आरक्षणानंतर काही ठिकाणी कारभार पतीनेच पाहिल्याचे दिसले. त्याच आरक्षणातून पालिकेचे कामकाज खोलवर जाणणाऱ्या, आरक्षण उठल्यावरही खुल्या जागेवरून निवडून येणाऱ्या नगरसेविका पुढे आल्या, हेही तितकेच खरे.

उमेदवारीची वाट

नगरसेवक होण्याची कोणतीही परीक्षा नाही, तरी वाटा ठरलेल्या आहेत. पक्षाचा बूथप्रमुख, शाखाप्रमुख किंवा प्रभाग अध्यक्ष ही एक वाट. गणेश मंडळ, दहीहंडी, व्यायामशाळा किंवा नवरात्रोत्सवाचे नेतृत्व ही दुसरी. गृहनिर्माण संस्थांचे महासंघ, झोपडपट्टीतील बचतगट आणि कामगार संघटना ही तिसरी. घराण्याचा वारसा ही चौथी. आंदोलनातून येण्याची वाट अरुंद आहे, पण तिने ठळक माणसे दिली. गोरेगावच्या पाणीप्रश्नावर लढणाऱ्या मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या आणि पुढे ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेल्या. या सर्व वाटांत एक गोष्ट समान आहे. मतदारयादीतील नावे घरांशी जोडता येणे, म्हणजे कोणत्या इमारतीत कोण राहतो, कोणाचे काम कुठे अडले आहे आणि कोणाचा शब्द चालतो याची माहिती असणे, हे या क्षेत्रातले खरे भांडवल. पक्षाचे तिकीट आयत्या वेळी मिळू शकते, ही माहिती मात्र आयत्या वेळी जमवता येत नाही.

सत्तेची विभागणी

महानगरपालिकेचा गाडा मुख्यतः तीन प्राधिकरणांवर चालतो : सर्वसाधारण सभा, स्थायी समिती आणि आयुक्त. धोरण, कर आणि अंदाजपत्रकाला अंतिम मंजुरी सभा देते. खर्च आणि कंत्राटांवर स्थायी समितीचे नियंत्रण असते. अंमलबजावणीचे सर्व अधिकार आयुक्ताकडे असतात. आयुक्ताची नेमणूक राज्य शासन करते आणि तो बहुधा भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी असतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की नगरसेवक अभियंत्याला सूचना करू शकतो, आदेश देऊ शकत नाही. महापौराचीही स्थिती फारशी वेगळी नाही. तो सभेचा अध्यक्ष आणि शहराचा प्रथम नागरिक असतो, परंतु प्रशासनाचा प्रमुख नसतो. मुंबई आणि नागपुरात १९९८ च्या सुमारास ‘महापौर परिषद’ हा प्रयोग झाला. त्यात निवडून आलेल्यांच्या हाती कार्यकारी सत्ता दिली होती. तो अल्पकाळातच गुंडाळला गेला. त्यामुळे सदस्याचे बळ त्याच्या हुद्द्यात नसते. ठरावासाठी जमवलेली मते आणि कागदावरची पकड यांतून ते येते.

सर्वसाधारण सभा

१९४९ च्या अधिनियमानुसार दर महिन्याला किमान एक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. सभेपूर्वी विषयपत्रिका सदस्यांच्या घरी पोचते. तीत प्रशासनाचे प्रस्ताव, समित्यांच्या शिफारशी आणि सदस्यांच्या ठरावाच्या सूचना क्रमाने असतात. सदस्याच्या हाती अनेक साधने असतात. लेखी प्रश्न विचारून प्रशासनाकडून आकडे मिळवता येतात. लक्षवेधी सूचनेने तातडीचा विषय पुढे आणता येतो. हरकतीचा मुद्दा घेऊन नियमबाह्य कामकाज थांबवता येते. उपसूचना देऊन प्रस्तावाचा आशय बदलता येतो. सभा तहकुबीची सूचना निषेधासाठी वापरली जाते. प्रस्तावाचे भवितव्यही अनेक प्रकारचे असू शकते : मंजूर, उपसूचनेसह मंजूर, फेरविचारासाठी परत किंवा ‘दफ्तरी दाखल’, म्हणजे बासनात बंद. नवखा सदस्य बहुधा भाषणाकडे लक्ष देतो, मुरलेला सदस्य उपसूचनेकडे. भाषण दुसऱ्या दिवशीच्या बातमीपुरते टिकते. उपसूचनेतील एक ओळ मात्र इतिवृत्तात शिरली की प्रशासनाला तिची दखल घ्यावी लागते.

स्थायी समिती

पालिकेची तिजोरी जिच्या हाती, अशी या समितीची ओळख आहे. मुंबईत तिचे २७ सदस्य असतात, इतर महानगरपालिकांत १६. सभागृहातील पक्षांच्या संख्याबळानुसार त्यांची नेमणूक होते. इतर महानगरपालिकांत दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात आणि नवे येतात. त्यामुळे पाच वर्षांत अनेकांना संधी मिळते, आणि संधी कोणाला मिळाली नाही यावरून पक्षांतर्गत नाराजीही तेवढीच होते. ठरावीक रकमेपेक्षा मोठ्या निविदा, एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवणारी वर्गीकरणे आणि लेखापरीक्षणाचे अहवाल या समितीपुढे येतात. बैठक दर आठवड्याला होत असल्याने शहराचा खर्च नेमका कोठे चालला आहे, हे तिच्या सदस्याला इतरांच्या आधी कळते. समितीचे मोल याच माहितीत आहे. अंदाजित दरापेक्षा निविदा चढ्या का आल्या, एकाच ठेकेदाराला मुदतवाढ किती वेळा मिळाली, असे प्रश्न येथे विचारले जावेत अशी कायद्याची योजना आहे. जेथे हे प्रश्न विचारले जात नाहीत, तेथे विषय मिनिटभरात मंजूर होतात आणि समितीचे अस्तित्व सहीपुरते उरते.

अंदाजपत्रक

नगरसेवकाच्या वर्षाचा कणा म्हणजे अंदाजपत्रक. आयुक्त त्याचा मसुदा स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात फेरबदल करते आणि ते सर्वसाधारण सभेपुढे जाते. करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. मसुदा सादर होतो तेव्हा त्यातील मोठा भाग आधीच बांधलेला असतो : वेतन, निवृत्तिवेतन, वीजबिल, कर्जाचे हप्ते, चालू कामांची देणी. उरलेल्या भागावर खरी चर्चा होते. पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातील छोट्या कामांना ‘स यादी’ असे नाव आहे, मुंबईत ‘नगरसेवक निधी’ म्हणतात. पदपथ, बाके, दिवे, समाजमंदिर अशा कामांसाठी ही तरतूद वापरली जाते. निधी नगरसेवकाच्या हाती रोख मिळत नाही. तो काम सुचवतो, खर्च प्रशासन करते. या तरतुदीमुळे दुर्लक्षित वस्तीला न्याय देता येतो, पण चांगला पदपथ उखडून नवा बसवण्याचा मोहही तिच्यातूनच येतो. मार्चअखेर निधी परत जाण्याची भीती असल्याने वर्षाच्या शेवटी कामांची झुंबड उडते.

एका ड्रेनेज लाइनचा प्रवास

मत आणि काम यांचा संबंध एका साध्या उदाहरणातून स्पष्ट होतो. जुन्या वस्तीत सहा इंची सांडपाणी वाहिनी वारंवार तुंबते. नागरिक तक्रार करतात तेव्हा नगरसेवक आधी साफसफाईची गाडी मागवतो. तो तात्पुरता उपाय. कायमच्या उपायासाठी कनिष्ठ अभियंत्याला जागेवर आणावे लागते. तो मोजमाप घेऊन मोठ्या व्यासाच्या वाहिनीचे पूर्वगणनपत्रक तयार करतो. त्यानंतर पाहावे लागते की अंदाजपत्रकात या कामासाठी तरतूद आहे का. नसल्यास वर्गीकरणाचा प्रस्ताव समितीत मंजूर करून घ्यावा लागतो. पुढे तांत्रिक मान्यता, निविदा, स्थायी समितीची मंजुरी लागत असल्यास ती, आणि शेवटी कार्यादेश. खोदाईसाठी वाहतूक पोलिसांचे ना-हरकत पत्र लागते आणि पावसाळ्यात खोदाई बंद असते. म्हणजे फेब्रुवारीत निघालेली निविदा मेमध्ये अडकली, तर काम दिवाळीपर्यंत लांबते. वाहिनी टाकल्यावर रस्ता पूर्ववत करणे पथ विभागाकडे असते, त्यामुळे दोन खात्यांत मेळ घालावा लागतो. या साखळीत नगरसेवकाची सही अगदी कमी ठिकाणी लागते, तरी कागद टेबलावरून टेबलावर सरकवणारा बहुधा तोच असतो. कोणता कागद कोणाकडे, कोणत्या महिन्यात अडतो, याचे ज्ञान दोन-तीन मुदतींनंतरच पक्के होते. अनुभवी नगरसेवकाचे वजन मुख्यतः या ज्ञानाचे असते.

विकास आराखडा

पाच वर्षांच्या पलीकडे परिणाम करणारा अधिकार म्हणजे विकास आराखड्याचा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार शहरातील जमिनीवर शाळा, उद्यान, रस्ता, रुग्णालय अशी आरक्षणे ठेवली जातात. प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. त्यांची सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात. नंतर आराखडा सभेतून शासनाकडे जातो. मुदत चुकली तर शासन तो आपल्या हाती घेते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याबाबत २०१५ मध्ये असेच झाले. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतरच्या २४ महिन्यांतही पालिकेने पाऊल उचलले नाही, तर आरक्षण रद्द होते. प्रभागातील एकमेव मैदान अशा नोटिशीमुळे हातचे जाऊ शकते. त्यामुळे गल्लीतील काँक्रीटपेक्षा आरक्षणांच्या नकाशावर नजर ठेवणे हे नगरसेवकाचे अधिक मोलाचे काम आहे. त्यातून मते मात्र क्वचितच मिळतात.

जनसंपर्क कार्यालय

कायद्यात ज्याचा उल्लेखही नाही, अशा कामात नगरसेवकाचा सर्वाधिक वेळ जातो. सकाळी कार्यालयाचे शटर वर गेले की रांग लागते. कोणाला शाळाप्रवेशासाठी शिफारसपत्र हवे असते, कोणाला पालिका रुग्णालयात खाट, कोणाचे पाणी दोन दिवस कमी दाबाने येते, कोणाच्या दारात झाडाची फांदी धोकादायक झुकली आहे. पाण्यासाठी वॉल्व्हमनला फोन, कचऱ्यासाठी मुकादमाला, झाडासाठी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज. शिधापत्रिका, पोलीस ठाणे आणि महावितरण हे विषय पालिकेचे नाहीत. तरीही ‘आमचा विषय नाही’ हे उत्तर नगरसेवकाला परवडत नाही. लग्न, बारसे, दशक्रिया आणि मंडळाची आरती येथील हजेरीही कामातच मोजली जाते. या व्यवस्थेचा उपयोग उघड आहे : कार्यालयात जाण्यास बिचकणाऱ्या माणसाला शासनाचे एक ओळखीचे दार मिळते. मर्यादाही तितकीच उघड आहे. हक्काने मिळायला हवी ती सेवा ओळखीने मिळू लागते आणि यंत्रणा सुधारण्याची निकड कमी होते.

पक्ष आणि पक्षादेश

निवडणुकीनंतर प्रत्येक पक्षाचे सदस्य आपल्या गटाची नोंदणी विभागीय आयुक्तांकडे करतात आणि गटनेता निवडतात. अपक्ष आणि छोटे पक्ष एकत्र येऊन आघाडी नोंदवू शकतात. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ नुसार पक्षादेश मोडून मतदान करणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. महापौर निवडीच्या आधी सदस्यांच्या सहली निघतात त्या याच आकड्यांच्या गणितापायी. पक्षादेशामुळे सत्ता स्थिर राहते, पण प्रभागाच्या हिताविरुद्धही मत द्यावे लागण्याची वेळ येते. याशिवाय प्रत्येक महानगरपालिकेत स्वीकृत नगरसेवक असतात. नागरी प्रश्नांचे जाणकार सभागृहात यावेत हा त्यामागील हेतू. त्यांना बोलता येते, मतदान करता येत नाही. प्रत्यक्षात या जागांवर बरेचदा निवडणूक हरलेल्या किंवा तिकीट हुकलेल्या कार्यकर्त्यांची सोय लावली जाते.

मानधन आणि हितसंबंध

नगरसेवकाला वेतन नसते, मानधन असते. २०१७ मध्ये ते वाढवण्यात आले आणि मुंबईसाठी दरमहा २५ हजार रुपये ठरले. लहान महानगरपालिकांत ते याहून कमी आहे. निवृत्तिवेतन नाही. कार्यालयाचे भाडे, मदतनीसांचे पगार, उत्सवांच्या वर्गण्या आणि फलकांचा खर्च या रकमेत भागत नाही. म्हणून बहुतेकांचा दुसरा व्यवसाय असतो किंवा घरात दुसरे उत्पन्न असते. हा व्यवसाय बांधकाम, जमीनव्यवहार किंवा पालिकेच्या कंत्राटाशी जवळचा असला की हितसंबंधाचा प्रश्न उभा राहतो. कायदा प्रत्यक्ष भागीदारी रोखतो, नातेवाइकांच्या नावावरची साखळी सिद्ध करणे मात्र कठीण जाते. दुसऱ्या बाजूने पाहता, पूर्णवेळ काम करू इच्छिणाऱ्या सामान्य उत्पन्नाच्या व्यक्तीसाठी हे पद महागच ठरते.

पदांची शिडी

कारकिर्दीचे टप्पे साधारणपणे असे असतात : पहिल्या मुदतीत प्रभाग समिती किंवा महिला व बालकल्याण, विधी, शहर सुधारणा यांसारखी विषय समिती; नंतर स्थायी समिती; मग गटनेता, सभागृह नेता किंवा विरोधी पक्षनेता; आणि शेवटी उपमहापौर वा महापौर. महापौरपदाची मुदत अडीच वर्षे असते आणि त्याचे आरक्षण मंत्रालयातील सोडतीने ठरते. शिडीचे पुढचे टोक विधानसभेत पोचते. मनोहर जोशी मुंबईचे महापौर होते आणि १९९५ मध्ये मुख्यमंत्री झाले. छगन भुजबळ १९७३ मध्ये नगरसेवक झाले आणि पुढे दोनदा मुंबईचे महापौर. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपुरात नगरसेवक आणि १९९७ मध्ये महापौर झाले, तर एकनाथ शिंदे यांची सुरुवात १९९७ मध्ये ठाणे महानगरपालिकेतून झाली. ही उदाहरणे ठळक असली तरी ती अपवादात्मक आहेत. बहुसंख्यांची कारकीर्द एक-दोन मुदतींत संपते. त्याची कारणे म्हणजे सोडत, प्रभागरचनेतील बदल, पक्षफूट किंवा साधा पराभव.

अधिकाराच्या सीमा

मतदाराच्या दृष्टीने शहर एकच असते, प्रशासनाच्या दृष्टीने त्याचे तुकडे असतात. मुंबईत महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि रस्ते विकास महामंडळ आपापली कामे स्वतंत्रपणे करतात. मेट्रो आणि स्मार्ट सिटी यांच्या कंपन्या वेगळ्या. या संस्था नगरसेवकाच्या सभेला उत्तरदायी नाहीत, पण त्यांच्या खोदाईची तक्रार त्याच्याकडेच येते. आर्थिक स्वायत्तताही आकुंचित झाली. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि मुंबईची जकात बंद पडली. त्या जागी शासनाकडून येणारी भरपाई आली. सभेने केलेला ठराव निलंबित करण्याचा अधिकार शासनाकडे आहे. पाच-अष्टमांश सदस्यांनी मत दिल्यास आयुक्ताला परत पाठवता येईल, अशी तरतूद कायद्यात आहे. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध असा ठराव मोठ्या बहुमताने झाला, तरी शासनाने तो लगेच अमलात येऊ दिला नाही आणि त्यांची बदली झाली ती मार्च २०१७ मध्ये. खालच्या बाजूलाही चित्र अपुरे आहे. नागरिकांच्या क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात २००९ मध्ये आली, परंतु बहुतेक शहरांत त्या रुजल्या नाहीत.

प्रशासकांचा काळ

नगरसेवक नसेल तर काय होते, याचा दीर्घ अनुभव महाराष्ट्राला नुकताच आला. इतर मागासवर्गाच्या आरक्षणावरील खटले आणि प्रभागरचनेतील बदल यांमुळे निवडणुका रखडल्या. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, पुण्याची त्यानंतर आठवडाभरात. आयुक्तच प्रशासक झाले आणि सभा, स्थायी समिती व अंमलबजावणी हे तिन्ही अधिकार एका टेबलावर आले. मुंबईचे २०२५-२६ चे सुमारे ७४,४२७ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक निवडून आलेल्या एकाही सदस्याच्या मताशिवाय मंजूर झाले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचे निर्देश दिले आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मधल्या काळात निर्णय वेगाने झाल्याचा दावा झाला. पण प्रस्तावांवरची जाहीर चर्चा थांबली, लेखी प्रश्नांची उत्तरे थांबली आणि तक्रारींचा ओघ माजी नगरसेवक, आमदार आणि वॉर्ड ऑफिस यांच्यात विखुरला. पाच वर्षांच्या मुदतीची घटनात्मक हमी निवडणूक वेळेवर झाली तरच उपयोगी पडते, हे या काळाने दाखवले.

कारकिर्दीचे मोजमाप

नगरसेवकाचे मूल्यमापन फलक, उद्घाटने आणि कोनशिलांवरून करण्याची सवय आहे. याहून विश्वासार्ह नोंदी उपलब्ध असतात : सभेतील हजेरी, विचारलेले प्रश्न, मांडलेल्या उपसूचना, मोठ्या निविदांवर दिलेले मत आणि लागोपाठच्या शपथपत्रांतील मालमत्तेचे आकडे. मुंबईत प्रजा फाउंडेशन ही संस्था अशा नोंदींवरून नगरसेवकांची प्रगतिपुस्तके प्रसिद्ध करत आली आहे. त्यांतही एक उणीव राहते. प्रश्नांची संख्या मोजता येते, वाचवलेले मैदान किंवा रोखलेली महागडी निविदा मोजणे अवघड असते. तरीही इतिवृत्त आणि अंदाजपत्रक शेजारी ठेवून वाचले, तर कोणत्या सदस्याने प्रभागातील तक्रारीचे ठरावात आणि ठरावाचे कामात रूपांतर केले, हे बरेचसे उलगडते. केवळ कार्यालयात बसणारा नगरसेवक यंत्रणेचा मध्यस्थ ठरतो, केवळ सभागृहात बोलणारा पुढच्या निवडणुकीत घरी बसतो. दोन्हीकडची कामे एकमेकांना जोडता येणे हेच या पदाचे कौशल्य, आणि ते शिकण्यासाठी पाच वर्षांची एक मुदत बहुधा अपुरी पडते.